ओळखीच्या माणसाकडे स्टॉकचा हिशेब मागायचा कसा?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही, आणि पत्र बरंच मोठं होतं म्हणून थोडक्यात सांगते.

ताईंचा घरगुती पदार्थांचा ब्रँड आहे, थालीपीठ भाजणी, मेतकूट, नाचणी सत्त्व, दोन-तीन कोरड्या चटण्या. माल गावाकडे बनतो, विक्री स्वतःच्या वेबसाइटवर आणि दोन मोठ्या शॉपिंग साइट्सवर. आधी पॅकिंग-कुरिअर सगळं घरूनच व्हायचं, दीड वर्षापूर्वी ते काम भिवंडीतल्या एका गोडाऊनवाल्यांना दिलं. ते ताईंच्या मिस्टरांचे कॉलेजचे मित्र, "घरचाच माणूस" म्हणून कागद-बिगद काही केला नाही. दिवाळीला 3,000 पाकिटं पाठवली, ताईंच्या हिशेबाने 2,410 विकली गेली, गोडाऊनच्या सिस्टिममध्ये 378 शिल्लक दिसतात, म्हणजे 212 पाकिटांचा पत्ता नाही. विचारलं की "आरटीओत असतील वहिनी, बघतो" एवढंच उत्तर मिळतं (आरटीओ म्हणजे ग्राहकाने न घेतल्याने परत फिरलेली पार्सलं). बिलात 'वजन फरक' आणि 'इतर हँडलिंग' नावाने रकमा लागतात. चार-पाच ग्राहकांना एक्स्पायरीला पंधरा-वीस दिवस राहिलेलं मेतकूट गेलं, एकीने फोटो टाकून वाईट रिव्ह्यू दिला. रागाने ताईंनी दोन महिन्यांचं बिल थांबवलंय. दीर म्हणतात तिथे आपला माणूस बसवा नाहीतर माल उचलून आणा, मिस्टर म्हणतात सबुरीने घे, मैत्री तुटेल. ताई विचारतात, "हा माणूस मला फसवतोय आणि मी उगाच गप्प बसलेय का? माझा विश्वास उडालाय, आता काय करू?"

ताई,

सुरुवात तुमच्याच आकड्यापासून करू या. 2,410 पाकिटं विकली हे तुम्ही कुठून काढलंत? वेबसाइटच्या ऑर्डर रिपोर्टमधून काढलं असेल तर एक गोष्ट आधी तपासा. पत्रात पुढे तुम्ही सहज लिहून गेलात की दिवाळीत साठ भेट बॉक्स गेले, प्रत्येकात तीन पाकिटं. बऱ्याच रिपोर्टमध्ये असा बॉक्स म्हणजे एकच ओळ असते, एकच आयटम. तुमच्या बेरजेत ते 60 म्हणून धरले गेले असतील आणि गोडाऊनमधून प्रत्यक्षात 180 पाकिटं बाहेर पडली असतील तर 120 पाकिटांचा फरक तिथेच पडला, आणि उरली 92. असंच झालंय असं मी म्हणत नाही, मला ते इथे बसून कळणार नाही, पण तुम्हाला कळू शकतं, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय भिवंडीला फोन करू नका.

हे मी त्या गोडाऊनवाल्या दादांची बाजू घ्यायला लिहीत नाहीये. "बघतो" हे काही उत्तर झालं नाही, त्यांची चूक आहेच आणि त्यावर येतेच मी. पण तुमच्या पत्रात 'फसवतोय' हा शब्द चार वेळा आलाय आणि मोजणी एकदाही झालेली नाही. दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून एकदाही माल मोजला नसेल तर 212 हा आकडा खरा आहे का हेच माहीत नाही, मग त्याच्यावरून माणसाची नियत कशी ठरवणार?

आता उरलेल्या 92 चं (किंवा 212 चं, जे निघेल ते) पाणी कुठे कुठे मुरू शकतं ते सांगते, कारण हे तुमच्यासारख्या गोडाऊनवर काम दिलेल्या प्रत्येकाला लागू आहे.

पहिली जागा म्हणजे टेम्पो उतरतो ती. तुम्ही 40 खोकी पाठवलीत, प्रत्येकात 75 पाकिटं, असं चलनावर लिहिलं. तिकडे रात्री टेम्पो लागला, हमालांनी खोकी उतरवली, सुपरवायझरने 40 मोजली आणि सही केली. त्याने सही केली ती खोक्यांची. आतलं पाकीट न पाकीट कुणी मोजलेलं नाही, आणि सिस्टिममध्ये मात्र 3,000 चढलं. तुमच्याकडे भरताना एखाद्या खोक्यात 72 गेली असतील, घाईत होतं असं, तर ती तीन पाकिटं पहिल्या दिवसापासून 'गायब' आहेत आणि त्यात कुणाचीच चोरी नाही.

दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी जागा म्हणजे परत आलेला माल, ज्याला सगळे आरटीओ म्हणतात. सीओडीची, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे द्यायची ऑर्डर असते, ग्राहक फोन उचलत नाही किंवा दारातून परत पाठवतो, कुरिअरवाला दोन-तीनदा फेऱ्या मारतो, मग पार्सल उलटं फिरतं आणि कधी आठ दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी गोडाऊनला पोचतं. आणि पोचतं कसं, तर गोणीत. सीझनच्या दिवसांत गोडाऊनचा एक कोपरा अशा गोण्यांनी भरलेला असतो, त्यात पाच-सहा ब्रँडची पार्सलं एकत्र, कुणाचा कोपरा फाटलेला, कुणाचं लेबल ओलं होऊन पुसट झालेलं, आणि त्यातलं प्रत्येक पार्सल कुणीतरी उघडायचं, आत काय आहे बघायचं, सील तपासायचं, स्कॅन करून पुन्हा स्टॉकला घ्यायचं की बाद करायचं ते ठरवायचं. हे काम कुणालाच आवडत नाही कारण सगळ्यांचं लक्ष नवीन ऑर्डर बाहेर काढण्यावर असतं, त्यामुळे ते मागे पडत जातं. तुमची काही पाकिटं आत्ता या क्षणी तिथे गोणीत असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे दादा खोटं बोलत नसतील, पण "असतील" म्हणणं आणि आरटीओची यादी पाठवणं यात फरक आहे, आणि यादी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. प्रत्येक पार्सलला कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतो, त्यामुळे कुठलं निघालं, कुठलं परत फिरलं, कुठल्या तारखेला गोडाऊनला मिळालं हे सगळं काढता येतं. ते नंबर तुमच्या वेबसाइटच्या पॅनलमध्ये पण असतात, म्हणजे अर्धी यादी तुम्ही स्वतःच काढू शकता.

इथे एक विचारते, परत आलेल्या पाकिटाचं काय करायचं हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंय का? पत्रात तरी दिसलं नाही. खाण्याची वस्तू आहे, नाचणी सत्त्व तर लहान बाळांना जातं. माझं स्पष्ट मत आहे की बाळाच्या खाण्याचं परत आलेलं पाकीट पुन्हा विकायचं नाही, सील कितीही चांगलं दिसू दे. चटणी-भाजणीचं तुम्ही ठरवा. पण ठरवून लिहून द्या, नाहीतर रोजंदारीवरचा मुलगा त्याच्या मनाने ठरवणार.

तिसरी जागा, चुकीचं पाकीट. तुमच्या पॅकिंगचे फोटो पाहिले, फार देखणं आहे, ब्राउन कागद आणि त्यावर देवनागरीत नाव. पण भाजणी आणि मेतकूट दोन्ही एकाच आकाराचं, एकाच रंगाचं. दिवाळीत गोडाऊनला जास्तीची मुलं लागतात, त्यातली बरीच परराज्यातून आलेली असतात, त्यांना मराठी लेबल वाचता येत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. प्रत्येक पाकिटावर बारकोड लावा आणि पॅक करताना तो स्कॅन झालाच पाहिजे असं ठरवा, आणि झाकणाला किंवा कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या. खर्च किरकोळ आहे, आणि अदलाबदल झाली की एकाचा स्टॉक कमी आणि दुसऱ्याचा जास्त दिसतो ती भानगड बरीच कमी होईल. आधी हे पण बघा की तुमचा 212 चा फरक सगळ्या पदार्थांत सारखा आहे की एकात खूप कमी आणि दुसऱ्यात चक्क जास्त. एकात जास्त निघालं तर ती चोरी नाही, अदलाबदल आहे.

आणि हो, चोरीही होऊ शकते. मी ती शक्यता खोडत नाही. पण ती शेवटी उरते, बाकी सगळं वजा केल्यावर. चोरीचं चित्र वेगळं दिसतं, एकाच महागड्या वस्तूत, दर महिन्याला थोडं थोडं, आणि त्याचा ना आरटीओशी मेळ बसतो ना अदलाबदलीशी. तसं दिसलं तर गोष्ट वेगळी.

आता मेतकुटाचं. हे मला 212 पेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण इथे ग्राहकाच्या तोंडात काय जातंय याचा प्रश्न आहे. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, ऑनलाइन विक्रीबद्दल म्हणणं असं आहे की माल ग्राहकाच्या हातात पडताना शेल्फ लाइफचा (टिकण्याच्या एकूण मुदतीचा) 30 टक्के काळ किंवा निदान 45 दिवस शिल्लक असायला हवेत. तुमचं पंधरा-वीस दिवसांवालं पाकीट त्यात बसत नाही, आणि ग्राहकाच्या लेखी जबाबदार तुमचा ब्रँड आहे, गोडाऊन नाही. हे होतं कसं ते डोळ्यासमोर आणा. रॅकवर जुन्या बॅचचं अर्धं खोकं आहे, नवीन माल आला, तो पुढे लावला, जुनं मागे ढकललं गेलं. दिवाळीत पुढचं संपलं, मग मागचं सापडलं आणि ते निघालं. ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी बाहेर, हा नियम गोडाऊनवाल्यांना माहीत असतो, पण तो पाळायला सिस्टिममध्ये बॅच आणि तारीख चढवावी लागते, नुसतं "मेतकूट 200 ग्रॅम, नग 600" असं चढवून भागत नाही. आणि तारीख चढवायला ती खोक्यावर दिसायला हवी. तुमच्या खोक्यांवर बाहेरून बॅच आणि एक्स्पायरी मोठ्या अक्षरात लिहिलेली असते का? नसेल तर आज मार्कर आणा. सोबत एक तारीख ठरवून द्या, की एक्स्पायरीला अमुक इतके दिवस राहिले की ते खोकं विक्रीतून आपोआप बाजूला आणि तुम्हाला मेसेज. दादांच्या गोडाऊनला अन्नपदार्थ साठवण्याचं एफएसएसएआय लायसन आहे का हे पण विचारा, तुमचं लायसन तुमच्या उत्पादनाच्या जागेचं आहे, त्यांच्या जागेला त्यांचं लागतं, एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर जाऊन बघता येतं.

आता ज्याच्यापाशी खरी अडचण आहे तिथे येते. "घरचाच माणूस" असं तुम्ही लिहिलंय आणि मला वाटतं तुमचा निम्मा त्रास त्या एका वाक्यात आहे. हिशेब मागितला तर त्यांना वाटेल संशय घेते, म्हणून तुम्ही मागितला नाही. मागितला नाही म्हणून त्यांनी दिला नाही. मग मनात संशय वाढत गेला, आणि आता असं झालंय की संशय येऊ नये म्हणून जे टाळलं त्यानेच संशय आला. अहो, भिशीत सगळ्या जिवाभावाच्या मैत्रिणी असतात तरी वही असतेच ना, आणि वहीत नाव लिहिलं म्हणून कुणी रुसत नाही. ओळखीच्या माणसाबरोबर तर हिशेब जास्तच चोख हवा, कारण इथे बिघडलं तर नुसता धंदा जात नाही, तुमच्या मिस्टरांचा वीस वर्षांचा मित्र जातो.

आणि हिशेब ठेवणं हे दादांवर तुम्ही लादताय असंही नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे गोदाम चालवणाऱ्याला कुणाचा माल आला आणि कुठे गेला याची नोंद ठेवावीच लागते. तुमच्या बाजूनेही तसंच आहे. तुमचा माल ज्या गोडाऊनमध्ये राहतो ती जागा तुमच्या जीएसटी रजिस्ट्रेशनमध्ये 'व्यवसायाची अतिरिक्त जागा' म्हणून चढवलेली हवी, आणि त्याला त्यांची संमती किंवा करार लागतो. दीड वर्षात करार नाही म्हटल्यावर ही जागा चढवली आहे का, सीएंना आजच विचारा. (गोडाऊन दुसऱ्या राज्यात असतं तर तिथलं वेगळं रजिस्ट्रेशन लागलं असतं, हे इतर वाचकांसाठी.) शिवाय हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब म्हणून टाकलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं, फुकट वाटलेल्या सॅम्पलचंही तसंच. म्हणजे ती 212 पाकिटं नक्की कशात मोडतात हे तुमच्या सीएंनासुद्धा हवंय. तुम्हाला कागदाचा विषय काढायला अवघड वाटत होतं ना, मग "सीएंनी करार मागितलाय" हे खरंखुरं कारण तुमच्याकडे आहे, त्यात कुणाच्या तोंडावर संशय फेकावा लागत नाही.

करारात काय हवं याची मोठी जंत्री देत नाही, नेटवर नमुने ढिगाने आहेत, वकिलाकडून एकदा बघून घ्या. चारच गोष्टींवर मात्र अडून बसा. एक म्हणजे माल मोजायचा कधी आणि फरक निघाला तर किती टक्क्यांपर्यंत सोडून द्यायचा, त्यापुढे भरपाई कुठल्या भावाने, बनवण्याच्या खर्चाने की एमआरपीने. यावरूनच सगळी भांडणं होतात. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 151 म्हणतं की दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी, पण 'तेवढी' म्हणजे केवढी हे लिहिलेलं नसेल तर वाद घालत बसाल. दुसरं, विमा कुणाचा. भिवंडीत गोदामांना आग लागल्याच्या बातम्या आपण सारख्या वाचतो, आणि बरेचदा गोडाऊनवाल्याची पॉलिसी त्याच्या शेडची आणि सामानाची असते, आत ठेवलेल्या तुमच्या मालाची नाही. पॉलिसीचा कागद बघायला मागा, नसेल तर त्या पत्त्यावर तुमची स्वतःची काढा. तिसरं, बिल थकलं तर माल अडवायचा हक्क. त्याच कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 171 प्रमाणे सगळ्या थकबाकीपोटी माल धरून ठेवायचा हक्क बँकर वगैरे मोजक्यांनाच आपोआप मिळतो, बाकीच्यांना तो करारात लिहून घ्यावा लागतो, त्यामुळे छापील करारात तसं कलम दिसलं तर वाचल्याशिवाय सही करू नका, निदान मर्यादा घाला. चौथं, निघायचं झालं तर किती दिवसांची नोटीस आणि माल-डेटा परत कसा मिळणार. लग्नाच्या आधी घटस्फोटाचं बोलतोय असं वाटेल, पण हे दोघांच्याही फायद्याचं आहे.

डेटाचं पण तिथेच लिहून घ्या. तुमच्या ग्राहकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर रोज त्या गोडाऊनमधून छापले जातात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दुसऱ्याकडून काम करून घेतलं तरी जबाबदारी मूळ ब्रँडचीच धरली आहे. जुनी लेबलं फाडून टाकायची, ऑर्डरच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायच्या नाहीत, एवढं तरी ठरवा.

बिलातल्या 'वजन फरक'बद्दल तुमचा समज थोडा तपासावा लागेल. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि साधारण 5000 ने भागायची. तुमचा भेट बॉक्स 30 बाय 20 बाय 15 चा असेल तर 9000 भागिले 5000, म्हणजे 1.8 किलो झाले. आत तीन पाकिटं मिळून 600 ग्रॅमची, पण पैसे दोन किलोच्या स्लॅबचे. तुम्ही काटा बघून हिशेब केला, कुरिअरने खोकं बघून केला, दादा मध्ये. हे त्यांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं ही त्यांची चूक, पण पैसे त्यांच्या खिशात गेले असतीलच असं नाही. कुरिअरचं मूळ बिल, ट्रॅकिंग नंबरनुसार, तुमच्या बिलाला जोडून मागा. 'इतर हँडलिंग' मात्र मला अजिबात पटलेलं नाही. 'इतर' या नावाखाली एक रुपयाही द्यायचा नाही, प्रत्येक रकमेला नाव हवं, परत आलेलं पार्सल उघडायचे इतके, बॉक्स जुळवायचे इतके, महिन्याचं भाडं इतकं. खरं काम केलं असेल तर नाव द्यायला अडचण कसली?

पण मग तुम्ही थांबवलेलं बिल. ताई, हे आधी सोडवा. तुमचा राग समजतो, पण दोन महिने पैसे न मिळालेला माणूस तुमच्या आरटीओच्या गोण्या उघडायला आधी बसेल का? आणि ते उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले छोटे उद्योजक असतील तर 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर 15 च दिवस, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तेव्हा ज्या रकमा मान्य आहेत त्या लगेच द्या, ज्या मान्य नाहीत त्यांची यादी करून मेल करा की यावर माझी हरकत आहे आणि का. गप्प बसून पैसे अडवलेत तर त्यांना फक्त एवढंच कळतं की वहिनी चिडल्या आहेत, नक्की कशावर ते कळत नाही.

आणि आता जरा उलट बाजूने. पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिलंय की एका रीलमुळे दोन दिवसांत ऑर्डर तिप्पट झाल्या. त्या रीलची कल्पना दादांना होती का? मला वाटतं नसावी. गोडाऊनला आज संध्याकाळी कळलं की उद्या तिप्पट माल काढायचाय तर ते आहेत त्याच मुलांना रात्री थांबवतात, आणि चुका तेव्हाच होतात. तुम्हाला त्यांच्याकडून आकडे उघड हवे आहेत तर तुमचेही आकडे त्यांच्यासमोर उघडे हवेत, पुढच्या महिन्याचा अंदाज, ऑफर कधी लावणार, नवीन पाकीट कधी येणार, रीलवालीला कधी माल पाठवलाय. हे आपण सांगत नाही कारण आपल्याला वाटतं आपण पैसे देणारे, आपण का सांगायचं. पण सांगितलं नाही तर पुढच्याने काम कशाच्या जोरावर करायचं?

मधला मार्ग म्हणून मी सुचवेन एकच सामाईक शीट, ऑनलाइन, दोघांनाही उघडता येईल अशी. रोज संध्याकाळी सहाला त्यांचा माणूस पाच आकडे टाकेल, आज किती आलं, किती गेलं, किती परत मिळालं, किती बाद झालं, शिल्लक किती. तुमच्याकडून तुम्ही किंवा तुमची मुलगी ऑर्डरचे आकडे टाकेल. जुळलं तर जुळलं, नाही जुळलं तर त्याच दिवशी विचारा, कारण काल गेलेलं पाकीट सापडतं, तीन महिन्यांपूर्वीचं सापडत नाही. जोडीला दर सोमवारी कुठलेही तीन पदार्थ व्हिडिओ कॉलवर मोजायचे, कुठले ते तुम्ही त्याच वेळी सांगायचे. वीस मिनिटांचं काम आहे. आणि वर्षातून दोनदा तुम्ही स्वतः जाऊन पूर्ण मोजणी, त्यातली एक 31 मार्चला, क्लोजिंग स्टॉक तसाही लागतोच.

दिरांचं म्हणणं की आपला माणूस बसवा. त्याचा पगार, राहणं, आणि तिथल्या मुलांशी रोजची कुरबूर, एवढं करून तो मोजेल तेच आकडे जे शीटवर फुकट मिळणार आहेत. मला पटत नाही. माल उचलून आणायचा म्हणाल तर तो पर्याय खरा आहे, तुम्ही आधी घरून करत होतात. पण आत्ता, न मोजता उचललात तर 212 चा प्रश्न कायमचा लटकला, दोघंही आयुष्यभर एकमेकांना चोर समजणार. शिवाय भिवंडी सोडण्याची किंमतही बघा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून तिथे गोदामं वाढली, 2017 ला जीएसटी आल्यावर जकात गेली तरी ती तिथेच राहिली, कारण माणकोली-काल्हेर-पूर्णा पट्ट्यात कुरिअरवाले, टेम्पो, कामगार सगळं हाताशी आहे. सातारच्या गावातून तेवढ्या लवकर मुंबई-ठाण्याला पार्सल पोचणार नाही.

म्हणून माझा सल्ला, पुढचे तीन महिने तिथेच रहा पण नव्या पद्धतीने. तिन्ही महिने फरक कमी होत गेला तर प्रश्न पद्धतीचा होता. उलट त्यांनी मोजू द्यायला टाळाटाळ केली, दर वेळी सुपरवायझर नेमका सुट्टीवर निघाला, किंवा शीटवरचे मागच्या तारखेचे आकडे न सांगता बदलले, तर पुढे थांबू नका. आकडा चुकणं मी समजू शकते, आकडा लपवणं नाही. तेव्हा मैत्रीचा विचार करून राहिलात तर मैत्रीही राहणार नाही.

बोलायचं कसं तर फोनवर नको, जाऊन बोला, आणि मिस्टरांना मध्ये घालू नका, त्यांची अवस्था दोन्हीकडून वाईट होईल. जाण्याआधी भेट बॉक्सचा हिशेब आणि आरटीओची तुमच्या बाजूची यादी तयार ठेवा. असं काहीसं म्हणा, "दादा, माझ्या हिशेबात पण चूक असू शकते, म्हणून मी माझे आकडे घेऊन आलेय. मान्य असलेलं बिल काल भरलं. आज आपण दोघं मिळून एकदा सगळं मोजू, आणि पुढे दोघांनाही दिसेल असं लिहून ठेवू, मला पुन्हा असं तुमच्यापाशी यायची वेळ नको." ते चिडले तर चिडू द्या, पहिल्यांदा कुणीही चिडतं, तुम्ही आवाज चढवू नका आणि मोजणीची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

भिवंडीला जायला तुम्हाला आठ दिवस लागतील, पण एक काम आजच करा. ज्या चार-पाच जणांना मुदत संपत आलेलं मेतकूट गेलं त्यांना स्वतः फोन करा, पाकीट परत मागू नका, ताज्या बॅचचं आज रवाना करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात असं आहे, आणि रिव्ह्यू टाकणाऱ्या बाईंना तर किती दिवस झाले. गोडाऊनची चूक झाली असं त्यांना सांगू नका, त्यांनी माल तुमच्या नावावर घेतलाय. आणि त्या बॅचची आणखी कुणाकुणाला पाकिटं गेली आहेत ती यादी काढून त्यांनाही फोन करा, त्यांनी तक्रार केली नसली तरी.